हिरवं, पिवळं, लाल

संपादकांना खरं तर समाचार हवा होता. पुण्यात विजेच्या खांबाखांबावर 'स्टेज डेअरिंग', 'व्यक्तिमत्त्व विकास', 'फाडफाड इंग्रजी' अशा पाट्या लटकलेल्या असतात. त्यांच्यामागे काय चालतं ते बघून या आणि हात राखून लिहू नका, म्हणाले. काही क्लास बघितले. त्यांत लिहिण्यासारखं फार काही निघालं नाही. पण त्या फेरफटक्यात टोस्टमास्टर्सच्या एका क्लबात जाऊन बसलो आणि तिथेच अडकलो. इथे शिकवायला कुणी मास्तर नाही. वीस-पंचवीस माणसं सुट्टीच्या दिवशी एका शाळेच्या वर्गात जमतात, एकमेकांना भाषणं ऐकवतात, एकमेकांच्या चुका काढतात, भरपूर टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. एवढ्यावर लोक बोलायला लागतात, हे मला आधी खरं वाटलं नव्हतं.

संस्थेचा इतिहास छापील मिळतो, त्यामुळे तो उरकून टाकतो. राल्फ स्मेडली हे अमेरिकेतल्या वायएमसीएमध्ये शिक्षणाचं काम बघायचे. तिथे येणाऱ्या तरुणांना चारचौघांत बोलता येत नाही, सभा चालवता येत नाही, हे बघून त्यांनी १९०५च्या सुमारास इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला असा पहिला क्लब काढला. पुढे जातील तिथे ते क्लब काढत गेले, पण त्यांची पाठ फिरली की क्लब बसायचा. टिकला तो कॅलिफोर्नियातल्या सांता आनाचा, २२ ऑक्टोबर १९२४ रोजी वायएमसीएच्या तळघरात सुरू झालेला. बायकांना अधिकृत प्रवेश मिळायला १९७३ साल उजाडावं लागलं. त्याच्या तीन वर्षं आधी हेलन ब्लँचार्ड या बाईंना एका क्लबाने 'होमर' या पुरुषी नावाने नोंदवून आत घेतलं होतं. त्याच बाई १९८५ साली संस्थेच्या आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. आज मुख्यालय कोलोरॅडोत आहे आणि क्लब सुमारे दीडशे देशांत पसरलेत.

आपल्याकडे वक्तृत्वाचा दुष्काळ कधीच नव्हता. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, म्हणजे स्मेडली जन्मायच्याही आधी. अत्रे, शिवाजीराव भोसले, राम शेवाळकर यांना ऐकायला माणसं कामधाम टाकून जायची. पण त्या परंपरेत बोलणारा एक आणि ऐकणारे हजार. उरलेल्यांच्या वाट्याला शाळेतला १ ऑगस्ट: 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' इथून सुटायचं, शेंगांच्या टरफलांपर्यंत कसंबसं पोचायचं आणि पुढचं आठवेनासं झालं की 'जय हिंद' म्हणून खाली बसायचं. त्या दिवशी धरलेली भीती कित्येकांनी पन्नाशीपर्यंत जपून ठेवलेली असते. क्लबात येतात ते बहुतेक हेच लोक.

सभा मिनिटामिनिटाला आखलेली असते. आधी तयारीची भाषणं, मग टेबल टॉपिक्स, म्हणजे ऐन वेळी विषय देऊन एक-दोन मिनिटं बोलायला लावणं, आणि शेवटी मूल्यमापन. पण हे सगळं चालतं ते वाटून दिलेल्या बारीकसारीक कामांवर. एक जण 'अं', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली', 'काय म्हणतात ते' यांची मोजणी करतो, तो आह-काउंटर. एक जण भाषेकडे कान लावून बसतो. आणि एक जण घड्याळ सांभाळतो. मला भुरळ पडली ती या शेवटच्या कामाची.

टायमरच्या खुर्चीत बहुतेक वेळा भोसरीचे एक काका असतात. साठीला टेकलेले, लेथचं छोटं वर्कशॉप चालवणारे. मोठ्या कंपन्यांना बुश आणि पिना पुरवतात. पुरवठादारांची बैठक असली की आपला माल कसा आहे हे सांगायला पुतण्याला पुढे करायचे आणि स्वतः मागच्या रांगेत बसायचे. मुलीने एकदा धरून इथे आणलं. आल्यावर त्यांनी कित्येक महिने भाषणाचं नाव काढलं नाही. दर वेळी टायमरचं काम मात्र मागून घेतलं.

काम सोपं दिसतं. नेहमीचं भाषण पाच ते सात मिनिटांचं. पाच मिनिटं झाली की हिरवं कार्ड वर, सहाला पिवळं, सातला लाल. वर तीस सेकंदांची सवलत. स्पर्धेत साडेचार मिनिटांच्या आत संपलं किंवा साडेसातच्या पुढे गेलं, तर भाषण बाद. पण टायमरला सभेत दोनदा उभं राहावं लागतं. सुरुवातीला आपलं काम काय ते सांगायचं आणि नंतर कोण किती वेळ बोललं ते वाचून दाखवायचं. काकांनी पहिल्या वेळी हे सगळं कागदावर लिहून आणलं होतं. कागद इतका थरथरत होता की त्याचाच आवाज येत होता, असं तेच हसत सांगतात. पुढे कागद घडी घालून खिशात गेला, मग घरीच राहू लागला.

या कामाचं कौतुक मला एवढ्यासाठी वाटतं की घाबरणाऱ्या माणसाला याहून चांगलं पहिलं भाषण देता येणार नाही. मजकूर चुकण्याची भीती नाही, कारण तो घड्याळाने लिहिलेला असतो. त्यावर वाद घालायला कुणी उठत नाही. आणि वर्गातला प्रत्येक जण कान टवकारून ऐकतो, कारण प्रत्येकाला आपला आकडा हवा असतो. 'सहा मिनिटं बेचाळीस सेकंद' असं खणखणीत म्हणावं, समोरच्याने मान डोलवावी. माणसाला आपला आवाज खोलीच्या टोकापर्यंत गेल्याचा अनुभव असा नकळत मिळतो. काका तर घड्याळाला मायक्रोमीटर लावल्यासारखे वागतात. एकदा कुणीतरी सवलतीच्या पुढे दोनच सेकंद गेलं आणि सोडून द्या हो काका, अशी विनवणी झाली. "दोन सेकंद काय अन् दोन मायक्रॉन काय, रिजेक्ट म्हणजे रिजेक्ट," एवढं म्हणून त्यांनी आकडा वाचला. हशा पिकला. पाठ न केलेलं वाक्य त्यांनी तिथे पहिल्यांदाच टाकलं असावं.

त्यानंतर काही दिवसांनी ते आइस ब्रेकरला, म्हणजे स्वतःची ओळख करून देणाऱ्या पहिल्या भाषणाला उभे राहिले. हे चार ते सहा मिनिटांचं असतं. वडिलांनी कर्ज काढून आणलेलं जुनं लेथ, ते उतरवताना गल्लीत जमलेली माणसं, वीज गेली की कारखान्यात पसरणारी शांतता. मराठीतच बोलले, त्या क्लबात दोन्ही भाषा चालतात. हिरवं कार्ड वर यायच्या आत संपलंसुद्धा.

मूल्यमापन करायला होती एक सॉफ्टवेअरवाली मुलगी, काकांच्या मुलीच्याच वयाची. तिला दोन-तीन मिनिटं मिळतात. ती म्हणाली, "लेथ बंद पडल्यावरची शांतता काकांनी सांगितली तेव्हा मला ती ऐकू आली. पण काका, तुम्ही सगळा वेळ टायमरकडेच बघत होतात. आम्ही इकडे बसलो होतो." काका सगळ्यांत मोठ्याने हसले आणि वहीत लिहून घेतलं. साठीच्या माणसाला पंचविशीतली मुलगी भर सभेत चूक दाखवते आणि नंतर दोघं बाहेरच्या टपरीवर चहा घेतात, हे आपल्या घरात किंवा कचेरीत सहज घडत नाही. पुण्यात सूचना देणाऱ्यांचा तुटवडा नाही. त्या मुकाट्याने ऐकून घेणारा मिळणं अवघड. इथे आज जो चूक काढतो तो पुढच्या आठवड्यात स्वतः उभा असतो, त्यामुळे जीभ आपोआप जपून चालते. मैत्री जमते ती या देवाणघेवाणीतून. डायस कधी रिकामा सोडायचा नाही, पुढचा माणूस येईपर्यंत थांबायचं, हात मिळवायचा आणि मग उतरायचं, हा इथला रिवाज. बघायला कवायतीसारखा वाटतो, पण घाबरून वर येणाऱ्याच्या हातात एक हात असतो, हेही खरं.

आता काळजीचं. जीभ जपून चालता चालता बोथट होते. आधी कौतुक, मध्ये एखादी सूचना, शेवटी पुन्हा कौतुक, हा मूल्यमापनाचा ठरलेला साचा आहे. नवख्याला त्याने धीर येतो. पण दोन-तीन वर्षं मुरलेल्या वक्त्यालाही 'हातवारे छान, आवाजात चढउतार हवेत' एवढंच ऐकायला मिळणार असेल, तर त्याची गाडी तिथेच थांबते. खरं बोलणारा मूल्यमापक क्लबात एखादाच असतो आणि त्याची वाट सगळे बघतात.

दुसरा साचा भाषणाचा. या संस्थेची जागतिक वक्तृत्व स्पर्धा १९३८पासून चालत आली आहे. २०१५ साली सौदी अरेबियाच्या मोहम्मद कहतानी यांनी ती जिंकली. लहानपणी ते तोतरं बोलायचे. त्यांनी मंचावर सिगारेट पेटवायचा आव आणून भाषण सुरू केलं होतं. ते भाषण जगभर पाहिलं गेलं. परिणाम असा की गल्लीतल्या क्लबातही एखादी वस्तू हातात घेऊन मंचावर यायचं, मग बालपणीचं दुःख, मग लांबलचक थांबा आणि शेवटी शिकवण, असा पाढा ऐकू येतो. काकांच्या लेथला असलं काही पॉलिश नव्हतं. म्हणूनच ते लक्षात राहिलं.

पैशाचाही प्रश्न आहे. वर्गणी डॉलरमध्ये, सहा महिन्यांना साठ, म्हणजे पाच हजार रुपयांच्या वर. त्यात शाळेच्या वर्गाचं भाडं वेगळं. हिंजवडीतल्या कित्येक कंपन्या आपल्या माणसांची वर्गणी भरतात. कॉलेजातल्या पोराने किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईने ती कुठून आणायची? त्यात बहुतेक क्लबांचा कारभार इंग्रजीत चालतो. ज्यांना चारचौघांत बोलायची खरी गरज आहे, ग्रामसभेत, बचत गटात, सोसायटीच्या बैठकीत, त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचत नाही. ही युक्ती मराठी शाळांनी आणि वाचनालयांनी उचलायला हरकत काय? तीन रंगीत कार्डं आणि एक घड्याळ, एवढाच खर्च आहे.

आणि सगळ्यांत चिवट अडचण अशी की माणूस तयार झाला की निघून जातो. बढती मिळते, बदली होते, बंगळूर गाठलं जातं. क्लबाची शिक्षणाची जबाबदारी ज्याच्याकडे असते तो बिचारा सभेच्या दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर 'आह-काउंटर कोण? इव्हॅल्युएटर कोण?' असं विचारत राहतो. निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. क्लब काढायला वीस सभासद लागतात आणि चालू ठेवायला वर्गणी भरलेले किमान आठ. भोसरीच्या काकांचा क्लब सध्या त्या आठच्या जरा वरच आहे. पुरवठादारांच्या बैठकीत आता ते स्वतः बोलतात, तरी त्यांनी क्लब सोडलेला नाही. पण अशी माणसं थोडी.

वर्गणी वर्षातून दोनदा भरायची असते, १ एप्रिलला आणि १ ऑक्टोबरला. पाहुणा म्हणून जाऊन बसायला सहसा पैसे पडत नाहीत, आणि टेबल टॉपिक्सला नाव पुकारलं तर नको म्हणायची मुभा असते. आपल्या भागातल्या क्लबाची सभा कधी असते ते विचारा आणि एकदा जाऊन या.