दाता सापडेपर्यंत

‘ल्युकेमियाच्या पेशंटसाठी स्टेमसेलचा दाता हवा आहे’ असा निरोप इचलकरंजीतल्या एखाद्या ग्रुपवर पडला, की खाली पहिला प्रश्न ठरलेला : रक्तगट कोणता? विचारणाऱ्याची तळमळ खरी असते. रात्रपाळी संपवून थेट रक्तपेढी गाठणारी पोरं या गावात आहेत. पण स्टेमसेल म्हणजे मूलपेशी द्यायच्या तर रक्तगट जुळलाच पाहिजे असं नसतं. दात्याचा गट वेगळा असेल, तर प्रत्यारोपणानंतर काही महिन्यांत रुग्णाचाच रक्तगट बदलून दात्याचा होतो. जुळावी लागते ती पेशींवरची दुसरीच ओळख. तिला एचएलए म्हणतात.

तिची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. अर्धा संच आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. डॉक्टर सहसा पाच जनुकांच्या दोन-दोन प्रती, म्हणजे दहा खुणा ताडून पाहतात. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. पाच भावंडं असतील, तर त्यांतलं निदान एक जुळण्याची शक्यता ७६ टक्के. एकच असेल तर २५. घरं लहान झाली, त्याचा हा परिणाम कुणाच्या ध्यानीमनी नसतो.

मूलपेशी हाडांतल्या मज्जेत असतात; भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण भावामुळेच झालं. २० मार्च १९८३ रोजी परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे अडवाणी चाकाच्या खुर्चीतून वावरतात. हे तंत्र ते अमेरिकेत सिएटलला डॉ. डोनॉल थॉमस यांच्याकडे शिकून आले होते. थॉमस यांना १९९० साली नोबेल मिळालं.

भावंड जुळलं नाही, तर शोध सुरू होतो आणि तोवर रुग्णाला औषधांनी तगवावं लागतं. केमोथेरपीनं कर्करोगाच्या पेशी इतक्या कमी करायच्या की सूक्ष्मदर्शकाखालीही दिसू नयेत. याला रेमिशन म्हणतात. प्रत्यारोपण याच अवस्थेत केलेलं चांगलं, आणि ही अवस्था किती टिकेल याची हमी नसते. म्हणून शोधाला वेळेचं बंधन. सगळ्यांनाच प्रत्यारोपण लागतं असंही नाही. लहान मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात बहुसंख्य मुलं नुसत्या औषधांनी बरी होऊ शकतात.

या औषधांतल्या मेथोट्रेक्सेटची कुळकथा इचलकरंजीसारख्या कापडाच्या गावानं ऐकावी अशी आहे. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज संशोधक मुंबईत आली. कापडगिरण्यांतल्या गरोदर कामगार बायकांना होणारा जीवघेणा रक्तक्षय तिला अभ्यासायचा होता. यीस्टच्या अर्कातल्या कुठल्याशा घटकानं तो बरा होतो, हे तिनं दाखवलं. पुढे त्या घटकाची ओळख फॉलिक आम्ल म्हणून पटली. बोस्टनचे सिडनी फार्बर यांना मात्र फॉलिक आम्लानं ल्युकेमिया उलट भडकतोय असं दिसलं. मग त्याला अडवणारं रसायन दिलं तर? भीमावरमला जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेनं ते बनवलं : अमिनोप्टेरिन. १९४८ साली फार्बर यांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदीनुसार १६ पैकी १० मुलांत आजार काही काळ हटला. मेथोट्रेक्सेट त्याचंच भावंड. हातकणंगल्याला रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून टाटाला जाणाऱ्या रुग्णावर त्या गिरणीकामगार बायकांचं ऋण आहे, असं मला मनापासून वाटतं.

दात्याचा शोध चालू असतो त्या काळात घरच्यांची खरी परीक्षा होते. केमोनंतर पांढऱ्या पेशी तळाला जातात. अशा वेळी ताप १००.४ वर गेला, तर ‘सकाळी बघू’ चालत नाही. तडक दवाखाना गाठायचा. प्लेटलेट उतरल्या की पायांवर लाल ठिपके उठतात, हिरड्यांतून रक्त येतं. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे ताजे दाते पुन:पुन्हा लागतात. इथे रक्तगट विचारणारी पोरं शंभर टक्के उपयोगाची.

मूलपेशींच्या दात्यांची नोंदणी वेगळी असते. जगभरात चार कोटींहून अधिक नावं नोंदलेली आहेत, त्यांत भारतीय फार थोडे. चेन्नईची दात्री, बंगळूरची डीकेएमएस अशा संस्था आपल्याकडे हे काम करतात. आपण पिढ्यान्‌पिढ्या जातीत, ओळखीच्या घरांत सोयरिकी केल्या, त्यामुळे एचएलएचे ठरावीक संच त्या-त्या समाजात साचून राहिले. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि मागांमागून मराठी, कन्नड, तेलुगू, मारवाडी घरं इथे वसली. इथल्या कोष्टी घरातल्या मुलाला जुळणारा दाता जर्मनीतल्या लाखो नावांपेक्षा सोलापूर-बेळगावच्या एखाद्या गल्लीत मिळण्याचा संभव जास्त. पण त्या गल्लीतल्या कुणी नावच नोंदवलं नसेल, तर संगणक काय शोधणार?

नोंदणीला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवणं पुरतं. जुळलं, तर पाच दिवस इंजेक्शनं घ्यायची. त्यानं मूलपेशी हाडांतून रक्तात उतरतात, अंग ठणकतं. मग काही तास यंत्राशेजारी पडून राहायचं : एका हातातून रक्त निघतं, मूलपेशी वेगळ्या होतात, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. मणक्याला सुई लागत नाही.

पूर्ण जुळणारा नाहीच मिळाला, तरी आता दार बंद होत नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देण्याची पद्धत बसवली. त्यामुळे निम्मे जुळणारे आई, वडील किंवा मूलही दाता होऊ शकतात. धोके आहेत, खर्चही मोठा आहे. पण कित्येक घरांना यानं वाट मिळाली.

नाव नोंदवण्याआधी घरात बोलून घ्यावं, ही मात्र कळकळीची विनंती. नाही म्हणायचा हक्क दात्याला असतोच. पण ठरलेल्या तारखेच्या आधी काही दिवस रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी मारून टाकतात. त्यानंतर दाता फिरला, तर रुग्णाला परत फिरता येत नाही. नकार द्यायचाच असेल, तर संस्थेचा पहिला फोन येईल तेव्हाच द्यावा.