प्रकाशाची लेखणी

परीक्षेची घंटा वाजते आणि गुरुजी प्रश्नपत्रिका वाटू लागतात. पांढऱ्याशुभ्र कागदावर काळीभोर, रेखीव अक्षरे असतात. काना, मात्रा, अनुस्वार, सर्व काही जेथल्या तेथे असते. बालमित्रांनो, हा कागद कसा छापला गेला असेल, असा प्रश्न तुमच्या मनात कधी आला आहे काय?

मी नागपुरातील एका शाळेत शिक्षक झालो, तेव्हा प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल यंत्रावर काढीत असत. स्टेन्सिल नावाच्या मेणाच्या पातळ कागदावर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरावयाची. मग कोरलेल्या जागेतून शाई खालच्या कागदावर उतरे. एका वर्षी मी गणिताची प्रश्नपत्रिका कोरली. '२.५' ह्या संख्येतील दशांशचिन्ह नीट कोरले गेले नाही आणि सर्व प्रतींत '२५' असे उमटले. वर्गातील एकाही मुलाचे उत्तर बरोबर आले नाही. मुले बिचारी निकाल लागेपर्यंत आपल्यालाच दोष देत राहिली. एका ठिपक्याने केवढा हा घोटाळा केला!

देवनागरी अक्षरे छापणे हे पहिल्यापासूनच कष्टाचे काम होते. मुंबईस गणपत कृष्णाजी ह्यांनी १८३१ साली मराठी पंचांग छापले, ते शिळाछापावर. त्यात सबंध पान दगडावर उमटवीत आणि दगडावरून कागदावर घेत. पुढे शिशाचे खिळे आले. जावजी दादाजी ह्यांनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना स्थापन केला. त्यांचे खिळे देशभर नावाजले गेले. परंतु इंग्रजीला सव्वीस अक्षरे, तर आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे! त्यांसाठी शेकडो निरनिराळे खिळे लागत. जुळारी ते एकेक करून उचली, ओळीत बसवी आणि काम झाल्यावर पुन्हा आपापल्या खणात टाकी.

आज शाळेच्या कार्यालयातील लेझर प्रिंटर हेच पान काही सेकंदांत काढून देतो. त्यात खिळा नाही, स्टेन्सिल नाही, ओली शाईदेखील नाही. मग अक्षर उमटते कसे?

नागपूरच्या कोरड्या थंडीत अंगातील लोकरीचा स्वेटर काढताना होणारा चटचट आवाज तुम्ही ऐकला असेल. कोरड्या केसांवर फिरविलेली फणी कागदाचे कपटे उचलते, हेही पाहिले असेल. घर्षणाने त्या वस्तूंवर विद्युद्भार साठतो, त्याचा हा खेळ. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. लेझर प्रिंटरचे सारे काम ह्या नियमावर चालते.

यंत्राच्या आत लाटण्यासारखे एक नळकांडे असते. त्यास ड्रम म्हणतात. त्यावरील लेप अंधारात विद्युद्भार धरून ठेवतो. मात्र जेथे प्रकाश पडेल तेथील भार निघून जातो. प्रथम सबंध ड्रमला भार दिला जातो. नंतर लेझरचा बारीक किरण वेगाने फिरणाऱ्या आरशावरून ड्रमवर येतो आणि जेथे अक्षर हवे तेथेच ठिपके टाकीत जातो. मग टोनर नावाची काळी पूड पुढे येते. तिच्यावर ड्रमसारखाच भार असल्यामुळे भारित जागा तिला दूर लोटते आणि ती प्रकाशाने स्पर्श केलेल्या ठिपक्यांवरच चिकटते. कागदाला विरुद्ध भार दिलेला असतो. तो ही पूड आपल्याकडे ओढून घेतो. शेवटी कागद सुमारे २०० अंश सेल्सियस इतक्या तापलेल्या रुळाखालून जातो. पुडीतील प्लॅस्टिक वितळते व अक्षरे कागदावर पक्की बसतात. म्हणूनच यंत्रातून आलेला कागद हाताला उबदार लागतो.

आता ठिपक्यांचा हिशेब करू. पुष्कळ यंत्रे एका इंचात ६०० ठिपके काढतात. म्हणजे एका चौरस इंचात ३ लाख ६० हजार, आणि ए-फोर आकाराच्या पानावर सुमारे साडेतीन कोटी ठिपक्यांच्या जागा झाल्या. प्रत्येक जागी काळे की पांढरे, हे संगणक सांगतो. अक्षर 'क' असो की 'क्ष्म', किरणाला दोन्ही सारखीच. आपल्या जोडाक्षरांची अडचण अशी दूर झाली.

ही युक्ती सहजासहजी साधली नाही. सीताबर्डीवर किंवा महालात आपण 'झेरॉक्स' काढावयास जातो, तिचा मूळ शोध अमेरिकेतील चेस्टर कार्लसन ह्यांचा. कागदपत्रांच्या नकला हाताने करून ते कंटाळले होते. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी त्यांनी विद्युद्भार आणि पूड ह्यांच्या साहाय्याने पहिली नक्कल उमटविली. अनेक कंपन्यांनी त्यांना नकार दिला. सोयीचे यंत्र लोकांसमोर येण्यास १९५९ साल उजाडले. पुढे झेरॉक्स कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर ह्यांना वाटले की, मूळ कागदाची प्रतिमा घेण्याऐवजी लेझरनेच ड्रमवर लिहावे. वरिष्ठांना ही कल्पना पटेना. तरी त्यांनी ती सोडली नाही. १९७१ मध्ये ते कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात गेले व तेथे त्यांनी यंत्र सिद्ध केले. १९७७ मध्ये कंपनीने ते बाजारात आणले.

ह्या यंत्राचे लाभ उघड आहेत. छपाई जलद होते, बारीक अक्षर स्पष्ट येते, पाण्याचा थेंब पडला तरी ते पसरत नाही आणि सुटीत यंत्र बंद राहिले तरी पूड वाळून जात नाही. त्याला मर्यादाही आहेत. रूळ तापविण्यास वीज बरीच लागते, आणि पावसाळ्यात सर्दावलेला कागद आत अडकतो. लाखो प्रतींचे पाठ्यपुस्तक छापावयाचे, तर ऑफसेटचे मोठे यंत्रच परवडते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे यंत्र साडेतीन कोटी ठिपके अचूक टाकील. पण दशांशचिन्ह लिहावयाचे आपणच विसरलो, तर ते '२५' देखील तितक्याच सुबकपणे छापील. म्हणून मुख्याध्यापक झाल्यावरही प्रत्येक प्रश्नपत्रिका छापण्यापूर्वी मी अक्षरन्‌ अक्षर वाचीत असे. तुम्हीही आपला निबंध छापावयास देण्यापूर्वी एकदा शांतपणे वाचून पाहा.