मुदत कायद्याने ठरावी, चिठ्ठीने नव्हे

मुंबई महापालिकेच्या २२७ जागांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले, आणि अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील नागरिकांस जवळजवळ चार वर्षांच्या खंडानंतर पुन्हा आपले नगरसेवक लाभले. आधीच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली होती. मुदत सरण्यापूर्वी नवी निवडणूक पुरी व्हावी, असा चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचा दंडक असतानाही मधला सारा काळ प्रशासकाचा अंमल चालला. खुर्ची इतका काळ रिकामी राहणे हा लोकशाहीचा उपमर्द होता, याविषयी दुमत नसावे. परंतु ती आता भरली आहे, म्हणूनच दुसरा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे: एकाच माणसाने त्या खुर्चीवर किती काळ बसावे?

आपल्या कायद्यात या प्रश्नाचे उत्तर नाही. मतदारांची मर्जी आणि पक्षाची कृपा असेल तोवर कोणीही कितीही वेळा निवडून यावे. व्यवहारात मात्र एक मर्यादा आहे, आणि ती सोडतीची आहे. प्रभागांचे आरक्षण आळीपाळीने फिरते. नोव्हेंबर २०२५ च्या सोडतीने ११४ प्रभाग स्त्रियांसाठी राखीव ठरले आणि अनेक अनुभवी माजी नगरसेवकांचे प्रभाग त्यांच्या हातून गेले. आरक्षणाच्या तत्त्वाला आमचा संपूर्ण पाठिंबा आहे. त्यावाचून निम्मे सभागृह स्त्रियांना कधीच मिळाले नसते. आमचा आक्षेप चिठ्ठीच्या आंधळेपणाला आहे. नाल्याच्या काठी पावसात उभा राहणारा नगरसेवक आणि पाच वर्षे तोंड न दाखविणारा नगरसेवक यांत ती भेद करीत नाही. उद्या हा प्रभाग आपला असेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने दहा वर्षांचे काम हाती घ्यावे तरी कशाला? शिवाय प्रभाग गेला तरी सत्ता घराबाहेर जातेच असे नाही. पतीच्या जागी पत्नी उभी राहते, आणि कार्यालयावरील पाटी तेवढी बदलते.

मुदतीचे बंधन परदेशांत नवे नाही. न्यूयॉर्कच्या मतदारांनी १९९३ साली थेट कौल देऊन आपल्या नगरसेवकांना लागोपाठ दोन मुदतींची मर्यादा घातली. २००८ मध्ये त्याच नगरसेवकांनी, मतदारांना न विचारता, दोनाच्या तीन करून घेतल्या. २०१० मध्ये मतदारांनी पुन्हा दोनच कायम केल्या. ज्याची मुदत संपायची त्यानेच ती ठरवू नये, हा त्यातील धडा. फिलिपाइन्समध्ये १९८७ च्या घटनेने स्थानिक पदाधिकाऱ्यांना लागोपाठ तीन मुदतींची मर्यादा घातली. तरीही तेथे घराणी नांदतातच. कायदा व्यक्तीला रोखू शकतो, आडनावाला नाही. ते काम मतदाराचेच आहे.

वारंवार नवखे लोक आले तर अधिकाऱ्यांचे फावेल, हा आक्षेप मात्र खरा आहे. मुंबईत तर तो अधिकच लागू पडतो. कारण १८८८ च्या महापालिका कायद्याने कार्यकारी सत्ता आयुक्तांच्या हाती दिली आहे, आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. अंदाजपत्रकाची आकडेमोड आणि ठेक्यांच्या अटी समजण्यातच नवख्याची पहिली दोन वर्षे जातात. उलट, तळे राखील तो पाणी चाखील, हेही तितकेच खरे. वीस-पंचवीस वर्षे एकच माणूस राखणीला बसला म्हणजे तळे कोणाचे याचाच लोकांना विसर पडतो.

म्हणून आमची सूचना अशी. कोणाही नगरसेवकास लागोपाठ दोनच मुदती मिळाव्यात: पहिली शिकण्याची, दुसरी शिकलेले करून दाखविण्याची. त्यानंतर एका मुदतीचा खंड असावा. त्याचबरोबर प्रभागाचे आरक्षणही दोन मुदतींपर्यंत स्थिर ठेवावे, म्हणजे राखीव जागेवर निवडून आलेल्या स्त्रीलाही पुन्हा मतदारांपुढे जाऊन आपल्या कामाचा हिशेब देता येईल. आरक्षणाच्या पुढच्या फेऱ्याची वाट पाहणाऱ्यांना यामुळे अधिक थांबावे लागेल, हे आम्ही नाकारीत नाही; पण आजच्या अनिश्चिततेपेक्षा ती किंमत आम्हांस कमी वाटते.

आपल्याकडे न्यूयॉर्कप्रमाणे मतदारांचा थेट कौल घेण्याची सोय नाही. तथापि नगरसेवकांची अपात्रता ठरविण्याचा अधिकार घटनेने राज्य विधिमंडळास दिला आहे. विधिमंडळ हे करू शकते. त्याने ते करावे, असा आग्रह उपनगरांनी धरला पाहिजे. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली महापालिकेच्या हद्दीत आली. आज मुंबईच्या बहुसंख्य मतदारांची वस्ती उपनगरांत आहे. नगरसेवकांना एके काळी नगरपिते म्हणत असत. पित्याचे पद आजन्म असते. लोकांनी दिलेले पद मुदतीचे असते, आणि ती मुदत चिठ्ठीच्या डब्यातून निघता कामा नये.