वडिलांची बंदूक वारसाच्या नावे : अर्ज स्वतः करावा की वकील गाठावा?

बोरच्या जंगलाकाठी सेलू, कारंजा भागात जागल करणाऱ्यांच्या घरी कुठे कुठे पीक संरक्षणाची भरमार बंदूक असते. परवाना वडिलांच्या नावे. वडील वारले की फेरफाराची धावपळ होते, बंदूक मात्र खुंटीलाच राहते. धोका इथेच आहे.

परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो, तो शेतीसारखा वारसाकडे येत नाही. अमेरिकेत काही नियंत्रित शस्त्रे ट्रस्टच्या नावे ठेवतात. कोणी छापील नमुना भरून ट्रस्ट करतो, कोणी वकिलाकडून. आपल्या घरच्या बंदुकीला ती सोय नाही. मुद्रांकावरचे वाटणीपत्र किंवा मृत्युपत्र म्हणजे परवाना नव्हे. विनापरवाना बंदूक सापडल्यास 2019 च्या दुरुस्तीनुसार 2 ते 5 वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे.

मग करायचे काय? आधी बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या. नंतर 21 वर्षे पूर्ण झालेल्या एका वारसाने जिल्हाधिकारी कार्यालयात नमुना ए-1 मध्ये अर्ज करावा. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, इतर वारसांची लेखी ना-हरकत, सातबारा, ओळख व वयाचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र तयार ठेवा. पोलिसांचा अहवाल गेल्यावर निर्णय होतो.

शस्त्र नियम 2016 मधील नियम 25 प्रमाणे परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा बंदूक बाळगून 25 वर्षे झाली, तर हयातीतच वारसासाठी अर्ज करता येतो. वडील हिंडते-फिरते आहेत तोवर हे उरकून घ्या.

एवढ्या कामाला वकील लागत नाही, दलाल तर नाहीच. मात्र भावाभावांत वाद असेल, अर्जदारावर फौजदारी खटला असेल किंवा बंदूक जप्त झाली असेल, तर वकिलाची फी वाचवू नका. अर्ज नामंजूर झाला तर कारणे लेखी मागा. कलम 18 खाली अपील करता येते, पण मुदतीत.

आणखी एक. परवाना मिळाला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली असे नाही. रानडुक्कर किंवा रोही मारायला वन विभागाची लेखी परवानगी वेगळी लागते.

पोलीस पाटील आणि तलाठी मंडळींनीही फेरफाराच्या वेळी एक प्रश्न जरूर विचारावा : घरात बंदूक आहे काय?