उन्हात तापलेल्या मोबाईलची बॅटरी फुगते का? ठेवताना ही काळजी घ्या

एप्रिल-मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात बांधावर किंवा ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवलेला मोबाईल त्याहूनही जास्त तापतो. अनेक मोबाईल मात्र साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात.

मोबाईलमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. जास्त उष्णतेनं तिच्यातलं रसायन बिघडतं, आत वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. आतला पातळ पडदा खराब झाला तर शॉर्टसर्किट होऊन ती पेट घेऊ शकते.

काय काळजी घ्याल?

- चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली, अंथरुणात ठेवू नका.
- फोन तापला तर चार्जर आणि कव्हर काढून सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये मुळीच नको, आत ओलावा धरतो.
- जुना फोन ठेवून द्यायचा असेल तर निम्मा चार्ज करून बंद करा. पत्र्याखालच्या पेटीत नको, थंड-कोरड्या जागी ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा निम्मा चार्ज करा.
- मागचं झाकण उचललं किंवा स्क्रीन वर आली तर बॅटरी फुगली समजा. तो फोन चार्ज करू नका. बॅटरी दाबू नका, टोचू नका.

फुगलेली बॅटरी लेकरांच्या हाती खेळायला जाऊ देऊ नका. चुलीत किंवा उकिरड्यावरही टाकू नका. ती मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.