बिघाड: योगायोग की कारण?

समजा, कर्जत मार्गावरील शेलू गावात एखाद्या वर्गाने रस्त्यावरच्या दिव्यांची नोंद ठेवली. दरमहा बंद पडलेल्या दिव्यांची संख्या 3, 5, 2, 4, 6 अशी येत गेली आणि एका महिन्यात ती एकदम 8 झाली. "माल खराब आहे, पुरवठादार बदला," असे कोणीही म्हणेल. हा निष्कर्ष बरोबर आहे का?

असाच प्रश्न अमेरिकेत टेलिफोनची उपकरणे बनविणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीपुढे होता. जमिनीखाली पुरलेली उपकरणे वारंवार दुरुस्त करणे परवडणारे नव्हते. 16 मे 1924 रोजी वॉल्टर शूहार्ट यांनी वरिष्ठांना एक पानाचे टिपण दिले. त्यातील आकृती म्हणजे पहिला नियंत्रण-आलेख. 1947-48 मध्ये महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट भारतातही आले होते.

त्यांचा विचार साधा होता. सर्व काही सुरळीत असतानाही आकडे थोडे वरखाली होतातच. हा योगायोगाचा चढउतार. त्याहून मोठा बदल दिसला, तरच विशिष्ट कारण शोधावे.

ही सीमा कशी काढायची? बिघाड विरळ आणि एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर संख्येचे प्रमाण विचलन सरासरीच्या वर्गमुळाइतके असते. किमान वीस-पंचवीस महिन्यांच्या नोंदींवरून सरासरी 4 आली असे धरू. वर्गमूळ 2, त्याची तिप्पट 6. म्हणून वरची सीमा 4 + 6 = 10. खालची उणे येते, म्हणून ती शून्य धरायची. निव्वळ योगायोगाने 10 च्या वर जाण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. उलट, 8 किंवा अधिक दिवे जाणे सुमारे वीस महिन्यांतून एकदा घडणारच! तेवढ्यावरून पुरवठादाराला दोष देणे अन्यायाचे. पण जुलैत 12 दिवे गेले, तर मात्र पावसाचे पाणी कोठे शिरते ते पाहायलाच हवे. सलग आठ महिने आकडा सरासरीच्या वर राहिला, तर सीमा न ओलांडताही तो इशाराच समजावा.

वस्तू फार टिकाऊ असली, तर बहुतेक महिन्यांत शून्यच मिळते आणि हा आलेख निरुपयोगी ठरतो. अशा वेळी दोन बिघाडांमधील दिवस मोजतात. येथे एक गंमत आहे. बिघाड केवळ योगायोगाने होत असतील आणि सरासरी अंतर 60 दिवस असेल, तर शंभरातील सुमारे 63 अंतरे 60 दिवसांहून कमीच भरतात. थोडी फार लांब अंतरे सरासरी वर ओढतात. म्हणून "या वेळी लवकर बिघडले" हा नेहमीचा अनुभव घसरणीचा पुरावा नव्हे. या आलेखाच्या सीमाही वेगळ्या पद्धतीने काढाव्या लागतात.

वर्गात हा प्रयोग आगपेट्यांवर करता येईल. सारख्याच काड्यांच्या वीस-पंचवीस पेट्या घ्या, प्रत्येकीतील न पेटणाऱ्या काड्या मोजा आणि सीमा काढा. काड्या मात्र शिक्षकांनीच पेटवाव्यात. मग एक पेटी दमट जागी ठेवून पाहा: तिचा बिंदू सीमेबाहेर जातो का?