उंबरठ्याबाहेर थांबलेला थोरला भाऊ

देवळाली कॅम्पात रामनवरात्रातील कीर्तनात मी अजामिळाचे आख्यान लावले होते. आरती झाली, प्रसाद वाटला गेला, मंडळी पांगली. एक वृद्ध गृहस्थ मात्र मागे राहिले. म्हणाले, "बुवा, जन्मभर पापे करून अखेर मुलाला 'नारायणा' म्हणून हाक मारली आणि अजामिळ सुटला. मग आम्ही साठ वर्षे एकादश्या केल्या, त्या कशासाठी?"

प्रश्नात कुचेष्टा नव्हती; व्यथा होती. आज गुड फ्रायडे. नेमका हाच प्रश्न ख्रिस्ती धर्मग्रंथातील एका थोरल्या भावाने विचारला आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेला हा दृष्टांत. धाकटा मुलगा बापाच्या हयातीतच वाटणी मागतो, परमुलखात सारे उधळतो आणि दुष्काळात डुकरे राखण्याची पाळी येते तेव्हा घराकडे वळतो. काय बोलून क्षमा मागावी हे त्याने मनाशी घोकून ठेवले आहे. परंतु बाप त्याला दुरूनच पाहतो, धावत जाऊन मिठी मारतो आणि त्याचे बोलणे पुरे होण्याआधीच नवी वस्त्रे आणावयास सांगतो. शेतावरून परतलेला थोरला वाद्यांचा आवाज ऐकून रुसतो. 'मी इतकी वर्षे राबलो, मला काय मिळाले?' असे विचारून तो घरात पाऊल टाकीत नाही. तेव्हा बाप त्याचीही समजूत घालावयास बाहेर येतो.

ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म येथे आहे. क्षमा ही पुण्याची मजुरी नव्हे, ती पित्याची देणगी होय. क्रूसावर खिळलेल्या येशूने छळणाऱ्यांसाठीच क्षमा मागितली आणि शेजारच्या क्रूसावरील अपराध्याला, हातून एकही सत्कृत्य घडण्यास अवसर उरला नसताना, स्वर्गाचे आश्वासन दिले, असे तेथे सांगितले आहे. येशूच्या बलिदानामुळे ही क्षमा लाभते, असे ख्रिस्ती जन मानतात. आपला कर्मसिद्धांत निराळा आहे. तो भेद पुसण्याचे कारण नाही. पण अजामिळाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

ही श्रद्धा आपल्या नाशिकला परकी नाही. गोदातीरावरील जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक कडकडीत सोवळ्याच्या घरात वाढल्या. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्या, तरी आरंभी स्वयंपाक वेगळाच ठेवला. हळूहळू सोवळ्याची भिंत त्यांच्या मनातूनच ढासळली आणि १९०० साली त्यांनीही तो धर्म स्वीकारला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे निष्कपटपणे, स्वतःलाही हसत, सांगितले आहे. पतीने दिलेले दुःख त्यांनी लपविले नाही. पण कडवटपणाही उरू दिला नाही. धर्मांतराविषयी वाचकांचे मत काहीही असो, क्षमा करणारे अंतःकरण कसे असते ते त्या पुस्तकात दिसते.

आता त्या गृहस्थांचा प्रश्न. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची कथा सुटकेपाशी संपत नाही. विष्णुदूत निघून गेल्यावर त्याला आपल्या कर्मांची लाज वाटते, तो गंगाद्वारी जातो आणि उरलेले आयुष्य भगवंताच्या चिंतनात घालवितो. कृपा आधी, पश्चात्ताप मागून! गीतेच्या नवव्या अध्यायातही भगवान अनन्यभावाने भजणाऱ्या दुराचाऱ्याला साधूच मानावयास सांगतात. तो लवकरच धर्मात्मा होतो, अशी ग्वाही देतात.

मी त्या गृहस्थांना म्हटले, "काका, साठ वर्षे आपण देवाच्या घरातच होता. तोच आपला लाभ. एकादशी हे देवाला दिलेले कर्ज असेल, तरच अजामिळाच्या सुटकेने आपले काही बुडेल." ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझा मुलगा अकरा वर्षांपूर्वी भांडून गेला. गेल्या दिवाळीला त्याचे पत्र आले. मी अजून उत्तर दिलेले नाही."

थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही. ते ऐकणाऱ्यावर सोडले आहे.